पीळ काढावा की राहू द्यावा

उत्साही : स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर यांनी आपले काम चोख करावे अशी अपेक्षा असेल, तर ते ज्या जागी टेकलेले असतात ती जागा हलता कामा नये, एवढ्या एका विधानावर मोटारीचा सांगाडा ताठ करण्याचा सगळा युक्तिवाद उभा आहे. ती जागा हलू लागली की पत्राच एक स्प्रिंग बनतो. ही स्प्रिंग कोणी मोजलेली नसते आणि तिला आवर घालणारा शॉकअब्सॉर्बरही नसतो. जुन्या मोटारींत खाली लोखंडी शिडीसारखी चॅसी आणि तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी अशी विभागणी होती. १९२२ च्या लॅन्चिया लांब्डा या इटालियन गाडीपासून भार पेलण्याचे काम बॉडीकडेच सोपवण्याची रीत रुळू लागली, आणि भारतीय रस्त्यांवरच्या अँबॅसडर व प्रीमिअर पद्मिनी याही अशाच एकसंध, म्हणजे मोनोकॉक, घडणीच्या होत्या. असे कवच बंद डब्यासारखे असते तोवर त्याला सहसा पीळ बसत नाही. परंतु दारे, काचा, डिकी आणि इंजिनाचा खळगा यांसाठी त्याला मोठाली भोके पाडावी लागतात, आणि झाकण काढलेला बुटांचा खोका जसा दोन्ही हातांत धरून सहज पिळता येतो तसे ते कवच या भोकांपाशी ढिले पडते. पुढच्या दोन्ही शॉकअब्सॉर्बरांची वरची टोके एकमेकांना जोडणारा स्ट्रट बार, खाली चाक धरणाऱ्या लोअर आर्मच्या आधारांना बांधणारी पट्टी, डिकीत मागच्या दोन शॉकअब्सॉर्बरांच्या वरच्या टोकांमध्ये टाकलेला दांडा, हे सगळे त्या काढलेल्या झाकणाचा थोडा थोडा भाग परत बसवण्याचेच उपाय होत. ते बोल्टांनी बसतात, त्यांना वेल्डिंग लागत नाही, आणि सातपूर व अंबड या औद्योगिक वसाहतींच्या आधाराने वाढलेल्या नाशिकमध्ये तर पाना कसा धरावा हे ज्याला कामावरच शिकवले गेले असा माणूस शोधायला गल्लीबाहेरही जावे लागत नाही. चाकणच्या कारखान्यातून आलेली फोक्सवॅगन पोलो जीटी घरच्या पार्किंगमध्ये रविवारच्या एका सकाळी अधिक नेमकी करता येत असेल, तर ती तशी का करू नये?

साशंक : ‘ताठ’ हा शब्द आकड्याशिवाय वापरला की तो विशेषण राहत नाही, जाहिरात होतो. अभियंते ज्याला पीळदृढता म्हणतील ती मोजण्याची रीत सोपी आहे : गाडीचा मागचा भाग घट्ट जखडायचा, पुढच्या भागाला पीळ द्यायचा, आणि एक अंश पीळ बसण्यासाठी किती न्यूटन-मीटर आघूर्ण, म्हणजे किती पिळण्याचा जोर, लागतो ते पाहायचे. आजच्या बंद छपराच्या साध्या हॅचबॅकसाठी हा आकडा पंधरा-वीस हजारांच्या घरात धरला, तर तीच गाडी वळणात एक अंश कलण्यासाठी तिच्या स्प्रिंगा आणि कलणे आवरणारे अँटी-रोल बार मिळून जो विरोध करतात तो जेमतेम हजार-दीड हजारांचा असतो. सांगाडा आणि सस्पेन्शन या एकीला एक जोडलेल्या दोन स्प्रिंगा आहेत, आणि अशा जोडणीत हुकूम चालतो तो मऊ स्प्रिंगचा. रबराला सुतळी बांधून ओढले आणि मग सुतळीऐवजी तार लावली, तर ओढणाऱ्या हाताला काय फरक कळणार? ज्या कवचाचा ताठपणा सस्पेन्शनच्या दहापटींहून जास्त आहे, त्यात आणखी पाच टक्के भर घालून पुढच्या आणि मागच्या चाकांमधला भाराचा तोल बदलेल अशी आशा धरणे हे गणिताला सोडून आहे. अँबॅसडरच्या काळातील ढिल्या कवचांना जे औषध लागू पडले असते ते आजच्या गाडीला देण्यात रोग जुना आणि रोगी नवा अशी गफलत आहे.

उत्साही : हे गणित बरोबर आहे, पण ते चुकीच्या प्रश्नाचे उत्तर देते. संपूर्ण कवचाची पीळदृढता ही एक सरासरी आहे. चालकाच्या हाताला जे जाणवते ते सरासरीने ठरत नाही, ते एखाद्या विवक्षित जागेच्या ढिलेपणाने ठरते. बहुतेक लहान गाड्यांत पुढे मॅकफर्सन पद्धतीचे सस्पेन्शन असते. फोर्डमधील अभियंता अर्ल मॅकफर्सन याच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना १९५० च्या सुमारास ब्रिटिश फोर्ड गाड्यांत आली आणि स्वस्त व सुटसुटीत म्हणून जगभर पसरली. तिच्यात शॉकअब्सॉर्बर हाच चाकाला उभे धरणारा खांब असतो आणि त्याचे वरचे टोक चाकावरच्या पत्र्याच्या घुमटात, ज्याला टॉवर म्हणतात त्यात, अडकवलेले असते. खालचा आधार आणि वरचा आधार यांच्या उंचीचा हिशेब केला, तर वळणात टायरवर येणाऱ्या आडव्या जोराहूनही अधिक जोर खालचा आर्म घेतो आणि तोल राखण्यासाठी टायरवरच्या जोराच्या ढोबळमानाने एक-तृतीयांशाच्या आसपासचा उलटा जोर त्या पत्र्याच्या घुमटावर येतो. घुमट एक मिलिमीटर जरी कलला तरी चाकाचा उभा कोन, म्हणजे कॅम्बर, बदलतो आणि टायरचा जमिनीवरचा ठसा तिरका पडतो. संपूर्ण कवच कितीही ताठ असले तरी घुमटाच्या मुळाशी पत्रा पातळ असेल तर तो आकडा त्या बिचाऱ्या घुमटाला कळत नाही. बार बसवायचा तो कवचासाठी नव्हे, घुमटासाठी.

साशंक : प्रश्न सरासरीवरून जागेवर आणला हे योग्य झाले, कारण बारचा दावा जिथे सर्वांत बळकट वाटतो तिथेच तो नीट तपासता येतो. दोन घुमटांना जोडणारा दांडा काय रोखू शकतो? दोघांमधले अंतर कमीजास्त होणे, एवढेच. आता उजव्या वळणात काय घडते ते पाहावे. टायरवरचा आडवा जोर दोन्ही चाकांवर एकाच दिशेला असतो, आणि घुमटांवर त्याची जी प्रतिक्रिया येते तीही दोन्हीकडे एकाच दिशेला ढकलणारी असते. दोन्ही घुमट एकाच बाजूला कलले तर त्यांच्यातले अंतर जवळजवळ तेवढेच राहते. पंढरीच्या वाटेवर हात धरून चालणारे दोन वारकरी एकाच वाऱ्याने एकाच बाजूला झुकावेत आणि हात मात्र ताणलेही जाऊ नयेत, तसे हे आहे. ज्या वेळी बारला खरोखर काम असते ती वेळ म्हणजे दोन्ही चाके एकदम खड्ड्यात किंवा गतिरोधकावर आदळून दोन्ही घुमट आतल्या बाजूला दाबले जातात तेव्हाची. म्हणजे वळणासाठी विकत घेतलेला भाग नाशिकच्या द्वारका चौकाच्या खड्ड्यात उपयोगी पडायचा!

[या विनोदातही साशंकाने एक गोष्ट निसटू दिली आहे, ती दुसऱ्या पक्षाने लगेच पकडली.]

उत्साही : दोन्ही घुमट एकाच दिशेला ढकलले जातात, पण सारख्याच जोराने नाही. वळणात गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो, बाहेरचा टायर अधिक जोर लावतो, आणि म्हणून बाहेरचा घुमट जास्त व आतला कमी कलतो. बार असला की आतला घुमट बाहेरच्या घुमटाच्या मदतीला धावतो. दोन वारकऱ्यांपैकी एकाच्या गळ्यात वीणा आणि दुसऱ्याचे हात मोकळे असावेत, तशी ही वाटणी आहे. ही मदत संपूर्ण नसते, अर्ध्याच्या आसपासच असू शकते, आणि तीही बार सरळ असेल तर. इंजिनाला वळसा घालण्यासाठी वाकवलेला बार ताणला गेला की सरळ होऊ पाहतो, दाबला गेला की आणखी वाकतो, म्हणजे तो स्वतःच एक स्प्रिंग होतो. ज्यांच्या टोकांना खिळीची सांधणी असते असे दिखाऊ बार तर त्या सांध्यातल्या खेळामुळे पहिला मिलिमीटर असाच वाया घालवतात. तेव्हा हा सगळा वर्ग एका पारड्यात टाकून चालणार नाही. शिवाय वाहननिर्मात्यांनी या प्रश्नाकडे कसे पाहिले तेही ध्यानात घ्यावे. मित्सुबिशीने लान्सर इव्होल्यूशनच्या काही पिढ्यांना कारखान्यातूनच पुढचा बार दिला. सुबारूच्या एसटीआय विभागाने तर मधोमध गोलाकार सांधा असलेला बार काढला, जो आडव्या दिशेने घुमटांना धरून ठेवतो पण वरखाली हालचालीला वाट देतो. यामाहाने ताठपणाचा मार्ग बाजूला ठेवून कवचाच्या पिळण्यालाच शॉकअब्सॉर्बर लावण्याचा विचार केला, आणि दोन टोकांमध्ये बसणारा तो लहानसा डँपर जपानी गाड्यांत वापरात आला. म्हणजे ज्यांच्याकडे प्रयोगशाळा आहेत त्यांनीही पत्रा हलतो हे मान्य केले. मतभेद फक्त त्याला रोखावे की शांत करावे यावर होते.

साशंक : या उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष उत्साहाला सोयीचा नाही. सुबारूने सांधा ठेवला तो सर्व दिशांनी ताठ करणे हितकारक नाही असे दिसले म्हणूनच. नाशिकला हा धडा परदेशातून आणण्याची गरज नाही. येथील महिंद्राच्या कारखान्यातून २००० मध्ये बोलेरो आणि २००२ मध्ये स्कॉर्पिओ बाहेर पडली, दोन्ही शिडीच्या चॅसीवरच्या. आणि २००७ मध्ये रेनोच्या भागीदारीत याच कारखान्यात लोगान तयार होऊ लागली, ती मोनोकॉक. एकाच छपराखाली दोन तत्त्वज्ञाने नांदली. शिडीची चॅसी बांधणाऱ्याला पीळ हा शत्रू वाटत नाही. खड्ड्याखाचखळग्यांतून जाणाऱ्या ट्रकच्या चॅसीचे आडवे तुकडे वेल्ड न करता रिव्हेटांनी बसवण्यामागे ती थोडी पिळता यावी हाच हेतू असतो, कारण जिथे वाकायला जागा नसते तिथे तडा जातो. (एसटीच्या जुन्या लाल डब्याच्या खिडक्या जो खडखडाट करीत, तो एका अर्थाने तिच्या चॅसीच्या दीर्घायुष्याचा आवाज होता.) रेसिंगच्या गो-कार्टमध्ये डिफरन्शिअल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, नसते, म्हणून वळताना मागचे आतले चाक उचलले जावे यासाठी तिची चौकट मुद्दाम पिळणारी ठेवतात. पीळ कुठे राहू द्यायचा हा रचनाकाराने घेतलेला निर्णय असतो. घरी बार बसवणारा तो निर्णय बदलतो, पण तो कोणत्या कारणाने घेतला होता ते त्याला ठाऊक नसते.

उत्साही : ठाऊक नसणे ही कायमची अवस्था मानण्याचे कारण नाही, आणि घरी काम करण्याचा सर्वांत मोठा फायदा बहुधा हाच आहे की ते करताना गाडी स्वतःबद्दल बरेच काही सांगते. सपाट जमिनीवर उभ्या गाडीचा पुढचा एक कोपरा जॅकने उचलला की त्या बाजूचे दार पूर्वीसारखे अलगद लागत नाही, हे अनेकांनी पाहिलेले असते, पण त्याचा अर्थ फार थोडे लावतात : त्या क्षणी संपूर्ण कवच पिळलेले असते. समजा तीन हजार न्यूटन-मीटरचा जोर पडला आणि कवच पंधरा हजारांचे आहे. पीळ होईल एक अंशाचा पाचवा भाग, आणि १.४ मीटर रुंदीवर तो जवळजवळ पाच मिलिमीटर दिसेल. पाच टक्के सुधारणेचा फरक पाव मिलिमीटर. हा फरक डोळ्याला दिसत नाही, पण अंबडच्या कुठल्याही टूलरूममध्ये वापरला जाणारा डायल गेज, ज्यावर एका रेघेची किंमत मिलिमीटरचा शंभरावा भाग असते, तो आरामात दाखवतो. बार न बसवता एकदा आणि बसवून एकदा, त्याच जागी त्याच उंचीवर जॅक लावून मोजावे. याला प्रयोगशाळा लागत नाही, संयम लागतो. आणि दुकानात बार बसवून देणारा कारागीर असे मोजमाप करून दाखवील याची शक्यता किती?

साशंक : मोजण्याचा हा आग्रह मान्य आहे, किंबहुना दोन्ही पक्षांनी प्रथमच एका जागी पाय ठेवला आहे. मात्र जॅकच्या याच उदाहरणात बसवण्याच्या कामातली पहिली चूक लपली आहे. कोपरा उचललेला असताना, म्हणजे कवच पिळलेले असताना, जर बारचे बोल्ट कसले, तर गाडी खाली उतरल्यावर कवच आपल्या जागी येऊ पाहते आणि बार त्याला त्या वाकड्या अवस्थेत धरून ठेवतो; ज्या पिळाला काढण्यासाठी तो आणला तोच पीळ तो गाडीत कायमचा भरतो. म्हणून चारही चाकांवर, सपाट जमिनीवर, पेट्रोलची टाकी नेहमीइतकी भरलेली असताना, बोल्ट आधी हाताने भिडवून मगच कसावेत. लोअर आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट सोडावे लागले, तर तेही गाडीचा भार चाकांवर असतानाच कसले पाहिजेत. लटकत्या चाकावर कसले की बुश पिळलेलाच जन्म घेतो आणि काही महिन्यांत फाटतो. घुमटावरच्या नटांबाबत तर अज्ञान जिवावर बेतू शकते. काही गाड्यांत खांबाचे टोक भोवतीच्या तीन नटांनी धरलेले असते, काहींत मधल्या एकाच मोठ्या नटाने, आणि दाबलेली स्प्रिंग ज्या नटाच्या भरवशावर आवळलेली असते तो नट चुकून सोडला तर स्प्रिंग सुटण्याचा धोका असतो. खालच्या सबफ्रेमच्या, म्हणजे इंजिन आणि आर्म पेलणाऱ्या चौकटीच्या, बोल्टांपैकी काही एकदाच वापरायचे असतात, कारण ते ताणून कसलेले असतात. ते काढले की नवेच घालावे लागतात. आणि गाडीच्या खाली जायचे झाले, तर जॅकवर विसंबून जाऊ नये, खाली लोखंडी घोडे लावावेत, हे सांगण्याची वेळ येऊ नये, पण ती येते.

उत्साही : यातील एकही सूचना घरगुती कामाच्या विरोधात जात नाही; उलट त्या पाळण्याची शक्यता घरीच जास्त. गर्दीच्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढते, चाके लटकतात, हवेवर चालणाऱ्या गनने बोल्ट तडातड कसले जातात, आणि टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोराला टक् असा आवाज देणारा पाना, भिंतीवर टांगलेलाच राहतो. आठ मिलिमीटरच्या साध्या दर्जाच्या बोल्टाला वीस-पंचवीस न्यूटन-मीटर पुरतात. गनचा एक झटका त्याच्या पलीकडे जातो आणि स्टड तुटतो किंवा नटाची आटी मरते. घरी गाडीच्या मालकाला घाई नसते. तो पुस्तिकेतला आकडा पाहतो, पन्नास किलोमीटर चालवून पुन्हा तपासतो. ब्रॅकेटखाली रंग खरवडला गेला असेल तर तिथे आधी प्रायमर मारतो, कारण इगतपुरीच्या बाजूने रोज ये-जा करणाऱ्या गाडीला जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाण्यापासून सुटका नाही आणि उघडा पत्रा दोन पावसाळ्यांत बोलू लागतो. काळजी ही पैशाने घेता येणारी वस्तू नाही, ती वेळाने घेतली जाते.

साशंक : काळजी ही ज्ञानाची जागा घेत नाही, हाच मूळ मुद्दा. कवचाचे काम केवळ न पिळणे एवढेच नाही. त्याला एकदा, शेवटच्या वेळी, नीट चुरडताही यावे लागते. बेला बारेन्यी या मर्सिडीजच्या अभियंत्याने प्रवाशांची खोली ताठ आणि पुढचा-मागचा भाग मऊ, अशी जी विभागणी मांडली, ती १९५९ च्या मर्सिडीजमध्ये प्रत्यक्षात आली, आणि आज प्रत्येक कारखाना पुढच्या दोन लांब तुळ्या कोणत्या घडीवर दुमडाव्यात हे आधी ठरवतो. गाडीचा निम्माच चेहरा धडकतो अशा अपघातात एका बाजूचा जोर बारवाटे दुसऱ्या घुमटाकडे गेला तर ते चांगले की वाईट, हे बार विकणारा सांगू शकत नाही. पादचाऱ्याचे डोके बॉनेटवर आदळले तर खाली मोकळी जागा असावी आणि पत्रा खाली बसावा, असे मानून बॉनेटची उंची ठरलेली असते. बार त्याच मोकळ्या जागेत उभा राहतो. आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहन मूळ वैशिष्ट्यांपासून वेगळे होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि त्याच कलमात बदलाची व्याख्याही आहे : वाहनाच्या रचनेतील असा फेरफार ज्यामुळे त्याचे मूलभूत स्वरूप बदलते. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात हे कलम कठोरपणे लावले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. जो भाग विकताना ‘तुमच्या गाडीची रचनाच बदलेल’ असे सांगितले जाते, तोच भाग परिवहन अधिकाऱ्यापुढे ‘रचनेला हात लावलेला नाही’ असे म्हणायचे, यातली विसंगती उत्साहाने आधी सोडवावी.

उत्साही : विसंगती खरी आहे आणि ती शब्दांची कसरत करून सुटणार नाही. परंतु व्याख्येत दोन अटी आहेत : फेरफार रचनेतील असावा, आणि त्याने मूलभूत स्वरूप बदलावे. मूळ भोकांतच बसणारा, मूळ नटांनी धरलेला आणि दहा मिनिटांत निघणारा दांडा दुसऱ्या अटीपर्यंत पोहोचतो का, हा प्रश्न निदान वादाचा आहे. वेल्ड केलेला जोड, कापलेला पत्रा, छिद्र पाडून बसवलेली पट्टी, यांची गोष्ट वेगळी. तिथे परतीची वाट नसते आणि त्यांच्या बाजूने बोलण्याचा प्रयत्नही येथे केलेला नाही. हा भेद उत्साही लोकांनी सोयीसाठी शोधलेला नाही. नाशिकच्या परिसरात ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’च्या निमित्ताने राष्ट्रीय रॅली मालिकेतल्या गाड्या धुळीच्या वाटांवर धावल्या आहेत, अशा गाड्यांसाठी जी आंतरराष्ट्रीय नियमावली असते तिच्यातही सस्पेन्शनच्या जागा बांधणारे दांडे बोल्टांनी बसवलेले आणि काढता येण्याजोगे असावेत, असा दंडक आहे. ज्यांना ताठपणाची सर्वांत जास्त गरज, त्यांनीही काढता येणे ही अट घातली.

साशंक : रॅलीचे उदाहरण अर्धेच घेतले. त्या गाडीत बारच्या आधी पोलादी नळ्यांचा रोल केज असतो, चालक पट्ट्यांनी जखडलेला आणि शिरस्त्राण घातलेला असतो, सुरुवातीपूर्वी तपासनीस प्रत्येक भाग पाहतो, आणि रस्ता इतरांसाठी बंद असतो. या सगळ्यांतून एक दांडा तेवढा उचलून मुंबई-आग्रा महामार्गावर आणायचा, म्हणजे वैद्याच्या काढ्यातले एकच मूळ चघळायचे. दुसरे उदाहरण याहून जवळचे आहे. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा जो कारखाना १९६४ पासून उभा राहिला, तिथे मिग-२१ आणि पुढे सुखोई-३० तयार झाली, आणि मोटारीतली मोनोकॉकची कल्पनाही विमानाच्या कवचाशीच नाते सांगणारी. विमानात एका जागी बळकटी दिली तर जोर नाहीसा होत नाही, पुढच्या कमजोर जागेकडे सरकतो, हे तिथे गृहीत असते. म्हणून प्रत्येक बदलाची नोंद होते आणि किती तासांनी ती पुढची जागा तपासायची तेही लिहिले जाते. मोटारीच्या कवचात हजारो स्पॉट वेल्ड असतात, म्हणजे दोन पत्रे ठिपक्याठिपक्याने सांधलेले असतात. बारने घुमटाचे डोके धरले की पीळ घुमटाच्या मुळाशी किंवा इंजिन आणि आतली खोली यांमधल्या आडव्या पत्र्याशी जाईल. तिथला ठिपका ऐंशी हजार किलोमीटरवर सुटला, तर तो बारमुळे सुटला की खड्ड्यांमुळे, हे कोण सांगणार?

उत्साही : नोंद ठेवणे हे घरीही करता येते, आणि ते करणारे थोडे आहेत ही तक्रार स्वीकारलीच पाहिजे. पण या युक्तिवादाचा शेवट कुठे होतो तेही पाहावे. पुढच्या कमजोर जागेचे भय घेतले तर रुंद टायरही घालू नयेत, कारण ते अधिक पकड देऊन अधिक जोर आत पाठवतात. भार भरून नांदुरीहून सप्तशृंगगडाचा घाट चढू नये. वापर म्हणजेच जोर सरकवणे. उलट टायर रुंद केल्यावर बारची गरज वाढते, हे निर्मात्यांच्या वेगवान आवृत्त्यांवरून दिसते. म्हणून क्रम महत्त्वाचा ठरतो : आधी जीर्ण बुश बदलावेत, मग अलाइनमेंट, मग टायर, मग स्प्रिंग व शॉकअब्सॉर्बर, आणि त्यानंतरही गेजवर काही हलताना दिसले तरच बार. हा क्रम पाळणाऱ्याला बहुधा बार लागणारच नाही, असे म्हटले तरी वावगे ठरणार नाही.

साशंक : ही कबुली मोठी आहे, आणि तिच्यामुळे उरलेला प्रश्न अधिक अडचणीचा होतो. गेज उभी गाडी मोजतो. चालत्या गाडीत फरक पडला हे कसे ठरवायचे? ज्याने पैसे खर्च केले, सकाळ घालवली, बोटे सोलून घेतली, त्याच्या हातांची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. प्रामाणिक मार्ग एकच : बार बसवला आहे की काढला आहे हे चालकाला न सांगता त्याच रस्त्यावर अनेक फेऱ्या घ्यायच्या आणि त्याची उत्तरे लिहून ठेवायची. पण ज्या वेगाला घुमटावर पुरेसा जोर येईल तो वेग सार्वजनिक घाटात गाठणे हा गुन्हाही आहे आणि मूर्खपणाही. आणि जो वेग रस्त्यावर शोभतो त्या वेगाला फरक कळण्याइतका जोर घुमटावर येत नाही. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे, पण तिथे वळणेच पुरेशी नाहीत.

उत्साही : फरक केवळ मर्यादेच्या कडेलाच कळतो, हे गृहीत तपासून घ्यावे लागेल. स्टिअरिंग सरळ असताना ते पहिले दोन-तीन अंश फिरवल्यावर गाडीने प्रतिसाद द्यायला घेतलेला वेळ हा जोरापेक्षा ढिलेपणाशी अधिक निगडित असतो, आणि तो ताशी साठ किलोमीटरलाही जाणवू शकतो. अंधारात ठेवून केलेली चाचणी त्याच वेगाला, मोकळ्या जागेत, कोणालाही धोका न घालता घेता येईल. त्यात चालकाची उत्तरे नाणेफेकीपेक्षा सरस निघाली नाहीत, तर बार काढून कपाटात ठेवावा. सरस निघाली, तर निदान एवढे मान्य व्हावे की हाताला काहीतरी कळत होते.

साशंक : काहीतरी कळले म्हणजे चांगले कळले, असे त्यातून सिद्ध होत नाही, ताठ झालेल्या पुढच्या भागामुळे पावसाळी रस्त्यावर पुढची चाके आधी घसरू लागली, तरी हाताला फरक कळलाच म्हणायचा. तरी ही चाचणी व्हावी. तिच्या जोडीला आणखी एक तपासणी सुचवावीशी वाटते : एक पूर्ण पावसाळा गेल्यावर बार उतरवावा आणि घुमटाच्या मुळाशी, जिथे पत्रा दुमडतो तिथे, रंगाला बारीक भेगा पडल्या आहेत का ते भिंगाने पाहावे, कारण पत्रा वारंवार हलला तर आधी रंग फाटतो.

उत्साही : आणि रंग जसाच्या तसा, अखंड सापडला, तर त्याचा अर्थ बारने घुमटाला हलू दिले नाही, असाच घ्यायचा ना?

साशंक : किंवा घुमट कधी हलतच नव्हता, असा.